एका बाराची बंदूक

श्रोतेहो, ठासणीची बंदूक तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. निदान घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून तिचे वर्णन तरी ऐकले असेल. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी घालायची, गजाने ठासायचे. मग शिशाची गोळी किंवा छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज. शेवटी टोपी बसवून घोडा ओढायचा. एवढा खटाटोप झाला म्हणजे बार एकच! तो हुकला की रानडुक्कर भुईमुगातून उठून पार ओढ्यापलीकडे. दुसरा बार भरेपर्यंत ते काही आपली वाट पाहत थांबत नाही.

असे असताना एका गोष्टीचे नवल वाटते. एकामागून एक दहा-दहा गोळ्या सोडणाऱ्या रायफली निघून आता शंभराहून अधिक वर्षे झाली. तरीही युरोप-अमेरिकेतल्या कित्येक मुरलेल्या शिकाऱ्यांनी एका गोळीच्या रायफलीचा नाद सोडलेला नाही. पैशाची ददात नसलेली माणसे जास्त पैसे मोजून ती विकत घेतात. का, म्हणून विचारले तर सांगतात, की हाताशी एकच गोळी असली म्हणजे माणूस घाई करीत नाही; जनावर नीट दिसेपर्यंत थांबतो, नेम पक्का झाल्याशिवाय चाप ओढत नाही; ही बंदूक माणसाला संयम शिकवते.

बोलणे ऐकायला गोड आहे. पण ते कितपत खरे आहे? याची साक्ष इतिहासच देतो. ती साक्ष मोठी विचार करण्याजोगी आहे, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी ही बंदूक असते कशी ते पाहू. ठासणीच्या बंदुकीची सगळी अडचण एका गोष्टीत होती. ती तोंडाकडून भरावी लागे, म्हणजे शिकाऱ्याला उभे राहावे लागे, हात हलवावे लागत, आणि जनावर सावध होई. यावर उपाय एकच, नळी मागून भरायची. पण मागे भोक ठेवले तर दारू पेटल्यावर जाळ उलटा शिकाऱ्याच्याच तोंडावर यायचा. तेव्हा मागचे दार सहज उघडले पाहिजे आणि बंद झाले की भिंतीसारखे घट्ट बसले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातले बंदूककार याच दारापायी डोके शिणवीत होते.

एक युक्ती पॅरिसच्या लफोशो या कारागिराने 1830 नंतरच्या दशकात काढली. त्याने नळी आणि दस्ता यांच्यामध्ये बिजागरी बसवली. खटका दाबला की नळी पुढे कलते, मागचे भोक उघडे पडते. त्यात काडतूस घालायचे आणि नळी पुन्हा सरळ करायची. आपल्याकडच्या काडतुसाच्या एकनळी आणि दुनळी बंदुका याच वंशातल्या. 1851 साली अमेरिकेत एडवर्ड मेनार्ड नावाच्या गृहस्थाने अशीच नळी कलणारी बंदूक काढून तिचे पेटंट घेतले. हा मेनार्ड धंद्याने दातांचा डॉक्टर होता! त्याचे नाव ध्यानात ठेवा. त्याची बंदूक आपल्याला पुढे हिंदुस्थानातच भेटणार आहे.

दुसरी युक्ती ख्रिश्चन शार्प्स याची, 1848 सालची. त्याने नळी जागच्या जागी पक्की ठेवली आणि तिच्या बुडाशी पोलादाचा एक जाड ठोकळा बसवला. चापाभोवतीची कडी म्हणजेच एक दांडा. तो खाली ओढला की ठोकळा खोबणीतून खाली सरकतो आणि भोक मोकळे होते. दांडा वर केला की ठोकळा वर येऊन भोक बंद. कालव्याच्या मोरीवरची लोखंडी फळी वर-खाली होताना तुम्ही पाहिली असेल, तसाच हा प्रकार. यात नाजूक भाग थोडे, आणि ठोकळा जाड असल्यामुळे दारूचा मोठा धक्का सोसण्याची ताकद दांडगी.

या ताकदीतच एका गोळीच्या रायफलीचे पहिले आकर्षण होते. ते संयमाचे नव्हते, हिशेबाचे होते. भराभर गोळ्या सोडणाऱ्या रायफली अमेरिकेतल्या यादवी युद्धात, म्हणजे 1861 ते 1865 या काळात, रणांगणावर आल्याच होत्या. 1873 सालची विंचेस्टर रायफल तर घरोघर पोचली. पण तिची काडतुसे नळीखालच्या लांब पोकळीत एकापुढे एक रचलेली असत. ती आखूड आणि हलकी ठेवावी लागत. तिच्या गोळीत शिसे तोळ्याहून थोडेच जास्त. उलट त्याच साली अमेरिकेच्या लष्कराने एका गोळीच्या रायफलीसाठी जे काडतूस स्वीकारले, त्यात शिसे सव्वादोन तोळे आणि दारूही जवळजवळ पावणेदोन पट. हरणासाठी पहिली पुरे. पण वीस-पंचवीस मणांचे जनावर दोन-तीनशे यार्डांवरून पाडायचे तर दुसरीच हवी. धूर न करणारी नवी दारू 1884 साली फ्रान्समध्ये निघाली, त्यानंतर हे गणित बदलले. तोवर मात्र निवड सरळ होती. पुष्कळ गोळ्या हव्या असतील तर हलक्या घ्या. जबर गोळी हवी असेल तर एकच घ्या.

या रायफलीचा खरा डौल पाहायचा तर 1874 सालात जावे लागते. ते एकच साल, पण या बंदुकीची दोन्ही रूपे त्यात दिसतात.

त्या वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्या नेमबाजांचा सामना झाला. दोन्हीकडे सहा-सहा माणसे. अंतरे 800, 900 आणि 1000 यार्ड. म्हणजे शेवटचे अंतर अर्ध्या मैलाहून जास्त. प्रत्येकाने प्रत्येक अंतरावरून पंधरा गोळ्या झाडायच्या. आयरिश मंडळींच्या रायफली तोंडाकडून भरायच्या, नामांकित कारागिरीच्या; अमेरिकनांच्या मागून भरायच्या, शार्प्स आणि रेमिंग्टन कारखान्यांच्या. सामना शेवटच्या गोळीपर्यंत अटीतटीचा झाला. एका आयरिश नेमबाजाची गोळी अगदी मधोमध लागली, पण ती शेजारच्या भलत्याच निशाणावर! गुण शून्य. शेवटी अमेरिकेचा कर्नल बोडाइन उरला. त्याच्या हातात शीतपेयाची बाटली फुटून हात कापला होता. रुमाल गुंडाळलेल्या हाताने त्याने शेवटची गोळी झाडली आणि ती बरोबर मध्यावर बसली. अमेरिका 934, आयर्लंड 931. एक गोळी, एक नेम, एक श्वास! या रायफलीविषयी जे कौतुक पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यात अशा सामन्यांचा मोठा वाटा आहे.

आता त्याच सालातले दुसरे रूप पाहा.

अमेरिकेच्या मध्यभागी शेकडो कोस पसरलेली गवताळ माळराने आहेत. तिथे बायसन नावाचे रानटी गुरू कळपाकळपाने चरत असे. आपल्याकडे इंग्रज शिकारी गव्यालाच बायसन म्हणत, पण हे जनावर वेगळे; डोके भलेमोठे, खांद्यावर उंचवटा आणि पुढच्या अंगावर दाट केसांची झूल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या तीन कोटींपासून सहा कोटींपर्यंत असावी असे अंदाज केले गेले आहेत. त्या माळांवरचे मूळ रहिवासी, म्हणजे लकोटा, शायेन, कोमांची, कायोवा वगैरे लोक, याच जनावरावर जगत. मांस खायला, कातडे तंबूला आणि पांघरायला, हाडे हत्यारांना, वाळलेले शेण जळणाला. आपल्या शेतकऱ्याचे बैलाशी जे नाते, तसेच त्यांचे बायसनशी.

1871 च्या सुमारास बायसनच्या कातड्यापासून कारखान्यातल्या यंत्रांचे पट्टे करता येतील अशी कमावण्याची रीत साधली. 1872 साली आगगाडी कॅन्ससमधल्या डॉज सिटीपर्यंत पोचली. कातड्याला गिऱ्हाईक मिळाले आणि वाहायला डबे मिळाले. मग काय, शिकाऱ्यांच्या टोळ्याच्या टोळ्या माळावर उतरल्या. त्यांच्या हातात कोणती रायफल होती? शार्प्सची आणि रेमिंग्टनची. एका गोळीचीच!

आता कुणी म्हणेल, एकेक गोळी भरून कोट्यवधी जनावरे कशी संपली? नीट ऐका, कारण सगळे मर्म इथेच आहे. शिकारी वाऱ्याची दिशा पाहून कळपापासून दोन-तीनशे यार्डांवर निजे. दोन काठ्यांची कातर करून तिच्यावर जड नळी टेकवी. पहिली गोळी कळपाची वाट दाखवणाऱ्या म्हाताऱ्या गाईच्या फुप्फुसात. ती जागच्या जागी डगमगून बसे. बाकीची जनावरे गोंधळून तिच्याभोवती जमत, रक्त हुंगत, पण पळत नसत. जी गाय पुढे निघू पाहील तिला दुसरी गोळी. मग तिसरी. घाई केली, चार गोळ्या भराभर सोडल्या, तर कळप उधळायचा. सावकाश, मोजून मारले तर तो उभा राहायचा. अशा तऱ्हेने एका जागी निजून एकेक शिकारी पाच-पन्नास जनावरे पाडी. नळी तापून लाल होऊ नये म्हणून तिच्यावर पाणी ओतीत. कित्येकजण दोन रायफली आळीपाळीने वापरीत. मागून कातडी सोलणारे येत. मांस तसेच उन्हात सडत पडे.

श्रोतेहो, म्हणजे संयम होता. नेम पक्का होता. गोळ्या मोजून झाडल्या जात होत्या. ज्या गुणांचे कौतुक एका गोळीच्या रायफलीच्या नावाने होते, ते सगळे गुण त्या माणसांत होते. नव्हती ती एकच गोष्ट, आता पुरे असे म्हणण्याची.

त्याच 1874 च्या जूनमध्ये टेक्सासमधल्या अडोबी वॉल्स या ठिकाणी शिकाऱ्यांच्या तळावर कोमांची, शायेन आणि कायोवा योद्ध्यांनी हल्ला केला. आपल्या तोंडचा घास पळवला जातो आहे हे त्यांना दिसत होते. तळ लहान, पण लांब पल्ल्याच्या रायफलींपुढे हल्ला फसला. आणि त्याच जूनमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने बायसनची बेसुमार कत्तल थांबवणारे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर केले होते. पण राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर सही केली नाही आणि ते विधेयक तसेच विरून गेले. बायसन संपले की मूळ रहिवासी आपोआप नमतील आणि सरकारने नेमून दिलेल्या जागी जाऊन बसतील, हा हिशेब त्या वेळच्या कित्येक अंमलदारांच्या मनात होता. झालेही तसेच. 1880 च्या आधीच दक्षिणेचे कळप संपले, 1883 पर्यंत उत्तरेचे. पुढे माळावर उरलेली हाडे गोळा करून तीसुद्धा खतासाठी गाड्या भरभरून विकली गेली. विशेष म्हणजे शार्प्सचा कारखानाही फार दिवस चालला नाही. 1881 साली त्याला टाळे लागले.

आता हिंदुस्थानकडे वळू. आपल्याकडे एका गोळीच्या रायफलीची कथा निराळी, कारण इथे ती हौसेने निवडलेली नव्हती. 1871 साली ब्रिटिश फौजेने मार्टिनी-हेन्री ही एका गोळीची रायफल स्वीकारली. तिच्या गोळीत पावणेतीन तोळे शिसे. पण हिंदी शिपायाच्या हाती ती लगेच आली नाही. 1857 चा धडा इंग्रजांच्या मनात पक्का होता. गोऱ्या शिपायाला मार्टिनी मिळाली तेव्हा हिंदी शिपायाला त्याआधीची स्नायडर; गोऱ्याला गोळ्यांची पेटी असलेली नवी ली-मेटफर्ड मिळाली, तेव्हा कुठे हिंदी शिपायाला मार्टिनी. एक पिढी मागचे हत्यार द्यायचे, हे ठरून गेलेले होते. शिवाय 1878 च्या शस्त्रकायद्याने इथल्या माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगणे बंद झाले, आणि गोऱ्यांना मात्र त्यातून सूट! तेव्हा ज्याला निवड करता येते त्यानेच एका गोळीचे कौतुक करावे. ज्याच्या गळ्यात ती पडली, त्याच्या लेखी ती अपुरेपणाची खूण होती. पिकात डुकरे शिरलेल्या शेतकऱ्याला विचारा. एक बार बरा की दोन, याचे उत्तर तो तत्काळ देईल.

याच काळात एक तरुण अमेरिकन हिंदुस्थानात आला. विल्यम हॉर्नडे त्याचे नाव. पेंढा भरून प्राणी उभे करण्याच्या कलेत तो वाकबगार होता, आणि संग्रहालयांसाठी नमुने गोळा करायला 1877 ते 1879 या काळात तो पूर्वेकडच्या देशांत हिंडला. दक्षिणेत आनमलाईच्या रानात त्याने वाघ मारला, तो कोणत्या बंदुकीने? त्या दातांच्या डॉक्टरच्या, मेनार्डच्या, नळी कलणाऱ्या छोट्या एकबारी रायफलीने! वाघासाठी जड दुनळी रायफल घेऊन हत्तीवर बसण्याचा तो जमाना. हा पठ्ठ्या पायी होता.

हाच हॉर्नडे 1886 साली मोंटानाच्या माळावर गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवायला बायसनचे चांगले नमुने नव्हते, आणि जनावर तर संपत चालले होते. त्याने शोधून शोधून वीस-पंचवीस जनावरे मारली. नामशेष होणाऱ्या जनावराची आठवण राहावी म्हणून त्यालाच मारायचे, ही गोष्ट चमत्कारिक खरी. पण त्या ओसाड माळावरून तो परत आला तो वेगळाच माणूस होऊन. 1889 साली त्याने बायसनच्या संहाराचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. सबंध उत्तर अमेरिकेत रानातली आणि पाळलेली मिळून सुमारे हजारच जनावरे उरल्याचे त्यात दाखवून दिले. कोट्यवधींतून हजार! पुढे तो न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचा प्रमुख झाला. 1905 साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या पाठिंब्याने बायसनच्या रक्षणासाठी संस्था निघाली, तिचा तो अध्यक्ष. 1907 साली न्यूयॉर्कहून 15 बायसन आगगाडीत घालून ओक्लाहोमाच्या राखीव रानात नेऊन सोडले. ज्या आगगाडीने कातडी वाहिली, तिनेच जिवंत जनावरे परत नेली. आज बायसन नाहीसे होण्याच्या भीतीतून बाहेर पडले आहे, आणि 2016 साली त्याला अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी म्हणून मान मिळाला.

शिक्षकमित्रांनी वर्गात हॉर्नडेची गोष्ट जरूर सांगावी. बंदुकीने त्याला शहाणे केले नाही. वाघ मारताना हातात एकच गोळी होती, आणि ती त्याने झाडलीच. तो बदलला तो डोळ्यांनी पाहिल्यामुळे आणि मोजल्यामुळे. त्याच्या कामाला फळ आले ते राखीव राने झाली आणि कायद्याची जरब बसली तेव्हा.

मग एका गोळीच्या रायफलीचे आकर्षण खोटे म्हणायचे का? तसेही नाही. आल्प्सच्या डोंगरात जर्मन आणि ऑस्ट्रियन शिकारी नळी कलणारी हलकी रायफल अजून पसंत करतात. डोंगर चढायचा म्हणजे खांद्यावर जितके वजन कमी तितके बरे. मागेपुढे सरकणारा खटका नसल्यामुळे नळी पूर्ण लांबीची ठेवूनही बंदूक आखूड होते. शिवाय नळी उघडून खांद्यावर टाकली की ती भरलेली नाही हे दहा पावलांवरून कुणालाही दिसते. सोबतच्या माणसाच्या जिवाला घोर नाही. पण तिथे कोणत्या रानात किती जनावरे मारायची ते आधी ठरलेले असते. संयमाची मर्यादा वनखात्याच्या वहीत लिहिलेली असते. बंदूक फक्त तिला शोभा आणते. 1967 साली अमेरिकेत विल्यम रूगर याने जुन्या घाटाची, ठोकळा खाली सरकणारी एका गोळीची रायफल नव्याने बाजारात आणली. भराभर गोळ्या सोडणाऱ्या बंदुकींचा सुकाळ असताना लोकांनी ती उचलून धरली. शंभर वर्षांपूर्वी जी गरज होती, ती आता हौस झाली होती. रान राखलेले असले म्हणजे हौसेला हरकत नाही.

आपल्याकडे कोल्हापूरच्या राजांचे शिकारीचे रान होते, राधानगरी-दाजीपूरचे. 1958 साली ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रातले हे सर्वांत जुने अभयारण्य. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि शौकाच्या शिकारीला आळा बसला. आज दाजीपूरच्या सड्यावर पहाटे गव्यांचा कळप चरताना दिसतो. तो कळप कुणाच्या नेमामुळे राहिलेला नाही, नेम धरू नये असे आपण ठरवल्यामुळे राहिला आहे. गवे शेतात येतात, ऊस तुडवतात, शेतकऱ्याचे नुकसान होते, हेही खरे आहे. त्या नुकसानीची भरपाई वेळेवर पोचली पाहिजे, कारण रान राखण्याचा भार एकट्या रानालगतच्या शेतकऱ्याने का सोसावा?

एका बाराची बंदूक नेम शिकवील, धीर शिकवील. कुठे थांबायचे, हे मात्र माणसानेच ठरवायचे असते, आणि तेही सगळ्यांनी मिळून, वेळेवर.